जित्याची खोड आणि कलम ४९

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आपल्या वाचकपत्रांत घरफोडीच्या खटल्यातून सुटलेल्या एका आरोपीबद्दल एक पत्र आलं. ‘ज्याच्यावर आधीचे ७ गुन्हे आहेत हे तुमच्याच बातमीत आम्ही वाचलं, ते न्यायाधीशांनी पुराव्यात घ्यायलाच नकार दिला. मग न्यायालय डोळ्यांवर पट्टी बांधून बसतं का?’ असा लिहिणाऱ्यांचा सवाल. पाठोपाठ गुरुवारी आणखी तीन पत्रं आली, तिन्हींचा सूर तोच. पाचवं हे माझं. सूर जरा वेगळा आहे आणि लांबी बरीच जास्त आहे. कात्री लावणार असाल तर लावा, फक्त मुख्याध्यापकांचा भाग ठेवा.

मी वकील नाही. सत्र न्यायालयात २९ वर्षं लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश ते नीट वाक्यात बसवून सांगायचे आणि मी टंकायचे; आधी यंत्रावर, नंतर संगणकावर. कायदा मी पुस्तकातून फार उशिरा वाचला. त्याआधी तो ‘लिहा’ आणि ‘हे लिहू नका’ या दोन शब्दांतून शिकले. चारित्र्याचा पुरावा हा सगळा प्रांत ‘हे लिहू नका’ मध्ये मोडतो.

नियम तसा दोन ओळींचा. फौजदारी खटल्यात आरोपीचं चारित्र्य चांगलं आहे असा पुरावा देता येतो. वाईट आहे असा देता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही ५३ आणि ५४ क्रमांकाची कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ती ४७ आणि ४९ झाली. आकडे बदलले, गाभा तोच राहिला. आरोपीने स्वतःच आपल्या चांगुलपणाचा पुरावा आणला, तर मात्र सरकार पक्षाला त्याला उत्तर म्हणून वाईट बाजू मांडता येते. तोवर नाही.

लोकांना वाटतं, आरोपीचा इतिहास न्यायालयापासून लपवलाच जातो. तसं नाही. जामिनाच्या अर्जावर सरकारी वकील सगळी यादी खणखणीत आवाजात वाचतात, आणि न्यायाधीश ती विचारात घेतात. दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं का, हे ठरवतानाही ती यादी येते. १९५८ चा परिवीक्षा कायदा तर गुन्हेगाराचं चारित्र्य बघा असं शब्दांत सांगतो. बंदी आहे ती या दोहोंच्या मधल्या टप्प्यात, ‘हे त्यानेच केलं का’ एवढ्या एका प्रश्नापुरती. आणि ती किती कसोशीने पाळायची याची एक तऱ्हा मला फार आवडते. आधीच्या शिक्षेमुळे जादा शिक्षा मागायची असेल, तर त्या शिक्षेचा उल्लेख दोषारोपात असतो. पण आरोपी दोषी ठरेपर्यंत न्यायाधीशाने तेवढाच भाग वाचून दाखवायचा नाही. जुन्या दंड प्रक्रिया संहितेत हे २३६ वं कलम होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २५९ वं. म्हणजे कागद समोर, ओळ समोर, आणि तरी मौन.

आता मुख्याध्यापक.

जबर दुखापतीचा खटला होता. आरोपी तिशीचा. बचावाच्या वकिलांनी साक्षीदार म्हणून त्याच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांना बोलावलं. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, हातात एक जुनी वही. शपथ त्यांनी पाठ असल्यासारखी घेतली. वकिलांनी विचारलं, आरोपीला किती वर्षं ओळखता, तो कसा माणूस आहे. गुरुजी खुलले. म्हणाले, साहेब, पुराच्या वर्षी या मुलाने एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन...

न्यायाधीशांनी हात वर केला. ‘गुरुजी, प्रसंग सांगू नका. लोकांत त्याचा लौकिक काय आहे आणि त्याचा स्वभाव सर्वसाधारणपणे कसा आहे, तेवढंच सांगा.’

कायदा तसाच आहे. चारित्र्य म्हणजे लौकिक आणि स्वभाव, दोन्ही; पण पुरावा द्यायचा तो सर्वसाधारण लौकिकाचा आणि सर्वसाधारण स्वभावाचा. ज्या घटनांमधून तो दिसला त्या सुट्या घटना सांगायच्या नाहीत. नाहीतर प्रत्येक घटनेवर वेगळा खटला उभा राहील: पूर आला होता का, म्हातारा कोण, पाठीवर घेतलं की हाताला धरलं.

गुरुजी गोंधळले. वही मिटली, आणि म्हणाले, ‘साहेब, प्रसंग न सांगता माणूस कसा सांगायचा?’

मी यंत्रावरची बोटं थांबवली होती, कारण न्यायाधीश काहीच सांगत नव्हते. ते हसलेही नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘लिहा: आरोपीचा लौकिक चांगला आहे. तो शांत स्वभावाचा आहे.’ पूर वाहून गेला, उरली ही दोन वाक्यं.

मग सरकारी वकील उभे राहिले. गेले तीन दिवस त्यांना जे विचारता आलं नव्हतं त्याची वाट बचाव पक्षाने आपण होऊन मोकळी करून दिली होती. ‘गुरुजी, आरोपीला सहा वर्षांपूर्वी मारहाणीच्याच गुन्ह्यात शिक्षा झाली होती, हे तुम्हाला माहीत आहे का?’ बचावाच्या वकिलांनी हरकत घेतली. हरकत फेटाळली गेली, आणि योग्यच फेटाळली गेली. गुरुजींनी आरोपीकडे पाहिलं. आरोपीने मान खाली घातली. ‘मला माहीत नाही,’ असं ते म्हणाले, आणि ते मी लिहिलं. त्यांनी आरोपीकडे कसं पाहिलं ते लिहायला आमच्याकडे जागा नसते.

नंतर मधल्या सुट्टीत एक ज्येष्ठ वकील त्या तरुण वकिलाला सांगत होते, ‘चांगुलपणाचा साक्षीदार म्हणजे घराचं मागचं दार. तू आत घेशील तो चांगला असेल, पण दार उघडं राहतं.’ शिवाय एवढी जोखीम घेऊन पदरात पडतं ते थोडंच. भगवान स्वरूप विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की चांगल्या चारित्र्याचा पुरावा फार दुबळा असतो. आरोपीविरुद्ध ठोस पुरावा असेल तर त्यापुढे तो टिकत नाही, शंकेला जागा असेल तेव्हा पारडं झुकवायला कामी येतो. त्यामुळे ‘सुसंस्कृत घरातला, उच्चशिक्षित आरोपी’ अशी विशेषणं आपल्या बातम्यांत दिसतात, तेव्हाही मला तेवढंच खटकतं जेवढं ‘सराईत’ खटकतं. एकाला आधीच अर्धा सोडलेला असतो, दुसऱ्याला आधीच अर्धा आत टाकलेला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपली म्हण. पत्र लिहिणाऱ्या चौघांचा युक्तिवाद या म्हणीत मावतो. आणि म्हण खोटी आहे असं मी म्हणत नाही. २९ वर्षांत तेच तेच चेहरे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत. पण खोड असणं वेगळं आणि त्या रात्री त्या खिडकीचा गज त्यानेच कापला हे वेगळं. कायद्याच्या पुस्तकात कलमाखाली दृष्टांत दिलेले असतात. एक दृष्टांत असा: एकावर दुसऱ्याला गोळी घालून ठार केल्याचा खटला आहे. त्याने आधीही त्याच माणसावर गोळी झाडली होती, हे पुराव्यात येतं, कारण त्यातून त्याला मारण्याचा हेतू दिसतो. पण हा माणूस सवयीनेच लोकांवर ठार मारायला गोळ्या झाडतो, हे येत नाही. पहिल्यांदा टंकताना मी चक्रावले होते. इतकी घातक सवय, आणि ती चालत नाही? पण विचार केला की कळतं. ‘सवय आहे’ एवढ्यावरून दोषी ठरवायचं तर गावात पडलेल्या प्रत्येक प्रेतामागे तोच एक माणूस उभा करता येईल.

म्हणजे भूतकाळ येतच नाही असंही नाही. जिथे तो या गुन्ह्याला चिकटलेला आहे तिथे येतो. कोणी विम्याच्या पैशांसाठी घर जाळल्याचा आरोप आहे आणि तो म्हणतो, अपघाताने आग लागली. अशा वेळी तो आधी एकामागून एक घरांत राहिला, त्याने प्रत्येकाचा विमा उतरवला, प्रत्येकाला आग लागली आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीकडून पैसे घेतले, हे सगळं चालतं. हाही पुस्तकातलाच दृष्टांत आहे. इथे ‘तो वाईट माणूस आहे’ असं म्हणणं नाही, ‘हा अपघात नाही’ असं म्हणणं आहे. तफावत बारीक आहे, आणि ती कुठे संपते यावर वकील दिवसचे दिवस भांडतात. पण ती आहे.

नियम का, याचं माझं उत्तर पोलिसांपासून सुरू होतं. इतिहास पुरावा म्हणून चालू लागला तर तपास कशाला करायचा? पुरावा शोधण्यापेक्षा माणूस शोधणं सोपं. एका चोरीच्या खटल्यात बचावाच्या वकिलांनी तपासी अंमलदाराला विचारलं, या माणसावर संशय कसा आला? अंमलदार सरळ माणूस, खरं बोलून गेला: ‘आडनावावरून.’ सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले. ज्या सरकारने १८७२ मध्ये आरोपीचं वाईट चारित्र्य पुराव्यात चालणार नाही असं लिहिलं, त्याच सरकारने वर्षभर आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा करून माणसांच्या अख्ख्या समूहांवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र तपासी अंमलदारांच्या वहीत अजून दिसतो, आणि अशा वहीतून आलेल्या माणसाला न्यायालयात काही आधार असेल तर तो या ४९ व्या कलमाचा. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हणही आपलीच आहे ना?

बरं, हे कवचही पहिल्या दिवसापासून एवढं पक्कं नव्हतं. १८७२ च्या मूळ कलमात आधी झालेली शिक्षा सरसकट पुराव्यात येत असे. १८९१ च्या दुरुस्तीने ते थांबलं. तेव्हापासून आधीची शिक्षाही ‘वाईट चारित्र्य’ म्हणूनच धरली जाते आणि त्याच उंबऱ्याबाहेर थांबते. लक्षात घ्या, मी शिक्षेबद्दल बोलतेय. नुसत्या ‘दाखल गुन्ह्यां’ची तर गोष्टच वेगळी. गुन्हा दाखल होणं म्हणजे कोणीतरी पोलिसांना काहीतरी सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं, एवढंच.

इथवर वाचून कोणी म्हणेल, बाईंना आरोपींचा फार पुळका. म्हणून आता दुसरी बाजू, जी मला आजही झोपेतून उठवते.

१९९८. बलात्काराचा खटला. सुनावणी बंद दाराआड. आत न्यायाधीश, दोन वकील, आरोपी, एक पोलीस, ती आणि मी. बायका दोघीच, ती आणि मी. तेव्हा पुरावा कायद्याच्या १५५ व्या कलमात चौथं पोटकलम होतं. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची होती असं दाखवून तिच्या साक्षीवरचा विश्वास उडवता येत असे. ‘दाखवून’ हा शब्द साधा दिसतो. प्रत्यक्षात ते उलटतपासातून व्हायचं.

आमच्याकडे साक्ष मराठीत लिहिताना प्रश्न लिहीत नाहीत, उत्तरच सलग लिहितात. वकिलाने एखादं म्हणणं साक्षीदारापुढे ठेवलं आणि साक्षीदाराने ते नाकारलं, की ते कागदावर असं उतरतं: ‘हे म्हणणे खरे नाही की, ...’ आणि पुढे वकिलाचं अख्खं वाक्य, साक्षीदाराच्या तोंडी. हे म्हणणे खरे नाही की, माझे लग्नाआधी अमक्याशी संबंध होते. हे म्हणणे खरे नाही की, मी रात्री उशिरा घरी येत असे. हे म्हणणे खरे नाही की, माझ्या वागणुकीमुळे मला नोकरीवरून काढले. प्रत्येक वेळी ती फक्त ‘नाही’ म्हणाली. एकच शब्द. बाकीची वाक्यं वकिलांनी रचली, न्यायाधीशांनी सांगितली आणि मी टंकली. पण पानाच्या खाली सही तिची. मी मोजली होती, अशी ११ वाक्यं होती. तिने नाकारलेली प्रत्येक गोष्ट तिच्याच सहीखाली कायमची फाइलला लागली. वाचून दाखवताना माझा आवाज बसला तेव्हा न्यायाधीश म्हणाले, पाणी घ्या. तिला कोणी विचारलं नाही.

त्याच्या कितीतरी आधी मथुरा प्रकरण होऊन गेलं होतं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप. आरोपी दोघे पोलीस. सत्र न्यायालयाने तिच्या आधीच्या संबंधांवर बोट ठेवून दोघांना सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला, बंद दाराआडची सुनावणीही तेव्हाच आली. पण ते चौथं पोटकलम जागेवरच राहिलं. म्हणजे १९९८ मध्ये दार बंद होतं, प्रश्न मात्र तेच होते. पोटकलम गेलं ते २००२ च्या दुरुस्तीने. पुढे २०१३ मध्ये ५३-अ आलं, आता ते नव्या अधिनियमात ४८ वं आहे: संमती होती का हा प्रश्न असेल तेव्हा तिचं चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध पुराव्यात येणार नाहीत. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे बलात्कार झालेल्या स्त्रीची दोन बोटांनी तपासणी, करणारे डॉक्टर गैरवर्तनाचे दोषी धरले जातील, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येसुद्धा बजावून सांगावं लागलं.

हिशेब मांडून बघा. आरोपीच्या भूतकाळाला १८७२ पासून कवच. तिच्या भूतकाळाला ते मिळायला १३० वर्षं लागली. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे: माणूस कसा आहे यावरून त्या दिवशी काय झालं ते ठरवू नका. चौघा पत्रलेखकांना हे तत्त्व आरोपीपुरतं मोडायचं आहे. मोडलं तर ते दोन्हीकडे मोडेल आणि पहिल्यांदा कोणाकडे मोडेल हे मला माहीत आहे, मी टंकलं आहे.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करते. ज्या इंग्रजी कायद्यातून हा नियम आपल्याकडे आला, त्या इंग्लंडने २००३ मध्ये तो बराच सैल केला. तिथे आता सात ठरावीक वाटांनी आरोपीचा भूतकाळ आत येऊ शकतो, त्याच प्रकारचे गुन्हे करण्याची प्रवृत्ती दाखवायलाही. अन्याय होतोय असं वाटलं तर न्यायाधीश त्यातल्या काही वाटा अडवू शकतात. तेव्हा आपला नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण तिथे निर्णय देणारे ज्यूरी (नागरिकांतून निवडलेले पंच) आणि दार राखणारा न्यायाधीश ही माणसं वेगळी असतात. जे चालणार नाही ते ज्यूरीच्या कानावर पडूच दिलं जात नाही. आपल्याकडे ज्यूरी कधीच गेली. जो न्यायाधीश ‘हे लिहू नका’ म्हणतो, त्याने ते ऐकलेलं असतं, आणि निकालही तोच लिहितो. कागदावर आलं नाही म्हणून कानातून जात नाही. मग आपल्याकडे हा नियम सैल करायचा की आणखी घट्ट?

ऐकलेलं काय करतं, याचा पुरावा माझ्याकडे आहे, आणि तो माझ्याविरुद्धचा आहे.

जबरी चोरीचा खटला होता. आरोपीला मी पाहताक्षणी ओळखलं. आमच्याच न्यायालयात तो तिसऱ्यांदा उभा होता. आधीच्या दोन्ही खटल्यांतले जबाब मीच टंकलेले, दोन्हीत तो सुटलेला. पहिल्याच तारखेला माझ्या मनात निकाल लागून गेला होता: ह्यानेच केलं. मला कोणी विचारणार नव्हतं, म्हणून मी तो निकाल मनात खुशाल ठेवून दिला. चौथ्या की पाचव्या तारखेला मुख्य साक्षीदार आला, ज्याच्या हातातली पिशवी गेली तो. जबाब झाला, मी टंकला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवायला घेतला. मधेच साक्षीदार म्हणाला, ‘बाई, थांबा. मी असं नाही बोललो.’

मी कागद पाहिला. कागदावर होतं: ‘आज न्यायालयात हजर असलेल्या आरोपीस मी ओळखू शकतो.’

तो म्हणाला होता, ‘ओळखू शकत नाही.’ न्यायाधीशांनी सांगितलं होतं, ‘ओळखू शकत नाही.’ माझ्या लघुलिपीच्या वहीत ‘नाही’ची खूण स्पष्ट होती, नंतर दहा वेळा पाहिली. वहीतून यंत्रावर येताना माझ्या बोटांनी ती खाल्ली होती. २९ वर्षांत मी हजारो ‘नाही’ टंकले असतील. गळला तो तेवढा एकच, आणि नेमका तिथे. न्यायाधीशांनी दुरुस्ती करून बाजूला सही केली, मला एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात फक्त एकदा म्हणाले, ‘बाई, तुम्हाला आधीचे दोन खटले आठवत होते ना? मलाही आठवत होते.’

तो आरोपी तिसऱ्यांदाही सुटला. त्याने ती चोरी केली होती का? आजही मला माहीत नाही.

आता आपल्या बातमीकडे येते. बातमीसोबत चौकटीत ७ गुन्ह्यांची यादी छापली होती, पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि वर्षासकट. निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर गुन्हा क्रमांकावरून खटला शोधता येतो, तशी सातही प्रकरणं मी शोधली. दोनांत तो निर्दोष सुटलेला आहे. एक तडजोडीने मिटलं. एक अजून चालू आहे. दोन सापडली नाहीत. आणि सातव्यातला आरोपी वेगळाच आहे. नाव-आडनाव तेच, वडिलांचं नाव दुसरं. सापडलेल्या एकाही प्रकरणात त्याला शिक्षा नाही.

घरफोडीच्या खटल्याचं निकालपत्रही तिथेच आहे, १९ पानांचं. पहिल्या पत्रलेखकांनी ते जरूर वाचावं. जुने गुन्हे पुराव्यात घेतले नाहीत म्हणून आरोपी सुटला, असं त्यात कुठेही नाही. १४ व्या पानावर कारण आहे. पळून जाताना त्याला पाहणारी एकच शेजारीण होती, आणि तिने ओळखपरेडमध्ये त्याच्यावर बरोबर बोट ठेवलं होतं. उलटतपासात तिने कबूल केलं की परेडच्या आदल्या दिवशी तिने त्याचा फोटो वर्तमानपत्रात पाहिला होता. त्यामुळे ती ओळख विश्वासार्ह धरता येत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. दुसरा पुरावा नव्हता.

वर्तमानपत्र कोणतं, हे निकालपत्रात नाही. आपल्या ई-पेपरवर त्या तारखेचा अंक आहे. पान ५, खाली डावीकडे, ‘सराईत घरफोड्या जाळ्यात’. फोटोत चेहरा झाकलेला नाही.

चौकटीतल्या सातव्या गुन्ह्याबद्दल तरी दुरुस्ती छापावी. माझं नाव छापू नये.

आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका